लघवी गळणं आणि वंश : त्या तक्त्यावर किती विश्वास ठेवायचा?

खारूताई
स्त्रियांच्या लघवी गळण्याविषयी वाचायला घेतलं की एक तक्ता हमखास समोर येतो. बहुतेक वेळा तो अमेरिकेतला असतो. गोऱ्या स्त्रियांत खोकताना-शिंकताना गळण्याचा प्रकार जास्त, कृष्णवर्णीय स्त्रियांत घाई लागून गळण्याचा जास्त, आशियाई स्त्रियांत एकूणच कमी आणि हिस्पॅनिक स्त्रियांत एकूण सगळ्यांत जास्त. तक्ता पाठ करून पुढे जायचं, असं चाललेलं दिसतं.

माझे प्रश्न असे. हा फरक शरीरातला आहे की मोजण्यातला? शरीरातला असेल तर समोरच्या बाईची तपासणी किंवा उपचार त्यामुळे बदलतात का? आणि तिसरा प्रश्न भाषेचा : या प्रकारांना मराठीत काय म्हणायचं? खोकला-शिंकेच्या गळतीला 'ताणजन्य असंयम' म्हणतात, ते वाचून कोणाला काय कळेल, देव जाणे.

विषय नाजूक आहे, पण इथे बोलायला कोणी लाजणार नाही असं धरून चालते.

आकडेमोडे
पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. त्या तक्त्यामागचा एक मोठा अभ्यास मिशिगनच्या आग्नेय भागात झाला. ३५ ते ६४ वयाच्या २,८१४ स्त्रियांना फोनवर प्रश्न विचारले होते आणि निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. वर्षभरात १२ किंवा अधिक वेळा गळली तर 'गळती आहे' असं धरलं. गोऱ्या स्त्रियांत हे प्रमाण ३३.१ टक्के निघालं, कृष्णवर्णीय स्त्रियांत १४.६ टक्के.

आता मेख इथे आहे. गळती असलेल्यांपैकी निव्वळ खोकला-शिंकेची गळती गोऱ्यांत ३९.२ टक्के आणि कृष्णवर्णीयांत २५ टक्के. निव्वळ घाईची गळती गोऱ्यांत ११ टक्के, कृष्णवर्णीयांत २३.८ टक्के. तक्त्यात फक्त ही दुसरी ओळ उचलतात आणि म्हणतात, बघा, दुपटीहून जास्त.

छेद बदलून पाहा. १०० गोऱ्या स्त्रियांत ३३ जणींना गळती आणि त्यांच्यातल्या ११ टक्के म्हणजे साधारण ३.६. १०० कृष्णवर्णीय स्त्रियांत १४.६ आणि त्यांच्या २३.८ टक्के म्हणजे साधारण ३.५. घाईची गळती दोन्हीकडे जवळजवळ सारखीच! फरक आहे तो दुसऱ्या प्रकारात : गोऱ्यांत सुमारे १३, कृष्णवर्णीयांत साडेतीनच्या आसपास. म्हणजे एका गटात घाईचा प्रकार 'जास्त' नाही, दुसरा प्रकार कमी आहे.

उंटावरचा_शहाणा
वऱ्हाडी निम्मे आले म्हणून वाजंत्री वाढले असं होत नाही. कळलं.

तिरकी_रेघ
आकडेमोडे, गणित बरोबर आहे, पण एकाच अभ्यासावर निकाल देऊ नका. उत्तर कॅलिफोर्नियात एकाच आरोग्य योजनेच्या सभासद असलेल्या ४० ते ६९ वयाच्या २,१०९ स्त्रियांचा अभ्यास २००६ मध्ये आला. तिथे छेद सगळ्या स्त्रियांचाच होता. आठवड्यातून एकदा तरी गळणं : हिस्पॅनिक ३६, गोऱ्या ३०, कृष्णवर्णीय २५, आशियाई १९ टक्के. त्यातली घाईची गळती याच क्रमाने १०, ९, १४ आणि ७. म्हणजे इथे कृष्णवर्णीय स्त्रियांत ती खरोखर जास्त दिसली. खोकला-शिंकेची मात्र १८, १५, ८ आणि ८.

आकडेमोडे
मान्य. पण त्याच अभ्यासाची पुढची पायरी वाचा ना. वय, बाळंतपणं, गर्भाशय काढलं आहे का, हार्मोनच्या गोळ्या, वजन, पाळी गेली का, मधुमेह, हे सगळं हिशेबात धरल्यावर घाईच्या गळतीतला फरक उरला नाही. खोकला-शिंकेची गळती कृष्णवर्णीय आणि आशियाई स्त्रियांत कमी, एवढंच शिल्लक राहिलं. म्हणजे दोन अभ्यास वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचतात.

तिरकी_रेघ
'हिशेबात धरल्यावर उरला नाही' हे वाक्य जपून वापरा. मधुमेह आणि वजन हिशेबातून वजा केलं तरी त्या बाईच्या अंगातून ते वजा होत नाही. मधुमेहात साखर लघवीतून जाते, ती पाणी ओढते, लघवी वाढते. पुढे नसा खराब झाल्या की मूत्राशय भरल्याचं कळत नाही आणि ते पूर्ण रिकामंही होत नाही. तिला घाईची गळती आहे ती आहेच. फक्त कारण वंश नाही, साखर आहे.

आकडेमोडे
हे पटलं. कारण शोधायचं असेल तर वजा करा, दवाखान्यात किती खाटा आणि किती थेरपिस्ट लागतील हे ठरवायचं असेल तर करू नका.

शंकासुर
मग २००५-०६ च्या अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत वांशिक गटांत लक्षणीय फरकच सापडला नाही, त्याचं काय? ती तर देशभरातून निवडलेली १,९६१ स्त्रियांची पाहणी होती.

तळमजला
शंकासुर, उंबरठा वेगळा होता. त्या पाहणीत 'मध्यम ते तीव्र' गळतीच मोजली आणि एकूण प्रमाण १५.७ टक्के आलं. मोजपट्टी अशी : किती वेळा गळते याला १ ते ४ गुण (महिन्यातून एकदापेक्षा कमी, महिन्यातून काही वेळा, आठवड्यातून काही वेळा, रोज). किती गळते याला १ ते ३ (थेंब, थोडी शिंतड, त्याहून जास्त). दोन्हींचा गुणाकार करायचा. १-२ सौम्य, ३-६ मध्यम, ८-९ तीव्र, १२ अतितीव्र. महिन्यातून दोनदा थेंबभर गळणारी बाई २ × १ = २ गुणांवर बाहेर राहते. मिशिगनच्या व्याख्येत तीच बाई वर्षाला २४ वेळा म्हणून आत येते.

त्यामुळे दोन अभ्यासांतले टक्के शेजारी ठेवण्याआधी तीन गोष्टी बघायच्या : किती वेळा गळली तर मोजली, गेल्या आठवड्याचं विचारलं की वर्षाचं, आणि वय कोणतं. नॉर्वेत २० वर्षांवरच्या जवळजवळ २८ हजार स्त्रियांच्या पाहणीत २५ टक्के आले. तिथे 'गळते का?' एवढ्यावर सुरुवात होती.

उंटावरचा_शहाणा
५, ७, १०, ११ गुण का नाहीत, हे विचारणार होतो. मग गुणाकाराचा पाढा आठवला.

फणस_गरे
आणि ते गट तरी काय आहेत? 'आशियाई' म्हणजे जपानपासून पाकिस्तानपर्यंत एकच पोतं. ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात आशियाई म्हणजे मुख्यतः दक्षिण आशियाई, अमेरिकेत ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी पूर्व आशिया येतो. 'हिस्पॅनिक' हा अमेरिकी सरकारी कागदांवर वंश नव्हताच, वेगळा प्रश्न होता. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलून दोन्ही प्रश्न एकत्र केले आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका हा नवा गट टाकला. म्हणजे कालपर्यंत 'गोरी' म्हणून मोजलेली लेबनीज बाई उद्याच्या अभ्यासात दुसऱ्या रकान्यात असेल. तिचा मूत्रमार्ग तोच.

खारूताई
फणस_गरे, शेवटचं वाक्य जपून ठेवते.

पण मग शरीरातला फरक काहीच नाही असं म्हणायचं का? वर तर खोकला-शिंकेचा फरक 'शिल्लक राहिला' म्हणताय.

तळमजला
काही आहे. मिशिगनच्याच अभ्यासातल्या काही स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी झाली. त्यात कृष्णवर्णीय स्त्रियांचा मूत्रमार्ग बंद ठेवणारा दाब सरासरीने जास्त आढळला. खोकल्याच्या क्षणी पोटातला दाब मूत्राशयावर येतो. त्यापेक्षा मूत्रमार्गाचा दाब जास्त असला तर गळत नाही, कमी पडला तर गळते. गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या स्त्रियांची तुलना केली तरी हाच दाब सगळ्यांत मोठा फरक दाखवतो, मूत्राशयाची मान खाली सरकणं त्याच्या मागे येतं. म्हणजे यंत्रणा समजते.

पण सरासरी म्हणजे सरासरी. दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर बरेच चढलेले असतात. चिमटा लावून झालेलं बाळंतपण, त्यात गुदद्वार उचलून धरणारा स्नायू हाडापासून सुटणं, वाढतं वय, वजन, जुना खोकला, जुनी बद्धकोष्ठता : एका बाईपुरता यांचा वाटा ठरवताना वंशाचा रकाना फार काही सांगत नाही.

दाराआडची
इथून दुसरा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे : वंश बघून प्रकार ठरवणं हाच घोळ. १९९३ मध्ये दवाखान्यात आलेल्या २०० स्त्रियांच्या एका अभ्यासात, तपासणीअंती निव्वळ खोकला-शिंकेची गळती ६१ टक्के गोऱ्या आणि २७ टक्के कृष्णवर्णीय स्त्रियांत निघाली. यावरून जर कोणी 'कृष्णवर्णीय बाई, म्हणजे घाईचीच असणार' असं धरून गोळ्या लिहून दिल्या तर चारातल्या एकीला चुकीचा उपचार मिळाला. तिला तोंड कोरडं पडण्याचा आणि बद्धकोष्ठतेचा त्रास मिळेल, गळती तशीच राहील. वर बद्धकोष्ठतेने जोर करावा लागून गळती वाढेल ती वेगळीच.

करायचं काय, ते सगळ्यांसाठी एकच आहे :

तीन दिवसांची नोंदवही. कामाचा एक दिवस आणि सुट्टीचा एक दिवस त्यात हवाच. प्रत्येक वेळी काय किती प्यायलं, किती लघवी झाली (मापाच्या भांड्यात, मिलीलिटरमध्ये), कधी गळली आणि त्या क्षणी काय चाललं होतं. चोवीस तासांची एकूण लघवी शरीराच्या प्रत्येक किलोला ४० मिलीहून जास्त येत असेल तर मूत्राशयाला दोष देऊ नका. पिणं, साखर आणि औषधं बघा. दर वेळी १००-१२० मिलीच होत असेल तर मूत्राशय लवकर ओरडतंय किंवा नीट रिकामं होत नाहीये.

लघवीची पट्टीने तपासणी : संसर्ग, साखर, रक्त. नंतर भरलेल्या मूत्राशयाने उभं राहून जोरात खोकायचं. खोकल्याच्या त्याच क्षणी उडाली तर खोकला-शिंकेची गळती हा एक अर्थ, दोन-चार सेकंदांनी धार सुरू झाली तर दुसरा : खोकल्याने मूत्राशयाला आकुंचनाची कळ दाबली गेली. मग लघवी करून किती शिल्लक राहते ते सोनोग्राफीने बघायचं. हे शिल्लकचं माप न घेता मूत्राशय सैल करणारी औषधं देणं म्हणजे तुंबलेल्या नाल्याचं झाकण लावणं.

शंकासुर
प्रश्नावलीतून कळत नाही का? ती २१ गुणांची?

दाराआडची
त्यात गंमत आहे. किती वेळा (०-५), किती (०-६), रोजच्या जगण्यात किती आड येते (०-१०) या तिघांची बेरीज २१. पण चौथा प्रश्न, 'कधी गळते?', त्याला गुणच नाहीत! संडासात पोचण्याआधी, खोकताना-शिंकताना, झोपेत, व्यायाम करताना, लघवी करून कपडे नीट केल्यावर, काही कारण नसताना, सतत. लोक गुण मोजतात आणि तो प्रश्न सोडून देतात. प्रकार तर तिथेच लिहिलेला असतो.

वाचनखूण
धागा ठेवून घेतला.

गोळी_चुकली
औषधांचं बोलताय तर एक भर. वंशाचा संबंध इथे आडवाटेने येतो. रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर गटातल्या गोळ्या (एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे) घेणाऱ्या काही जणांना कोरडा खोकला लागतो आणि तो पूर्व आशियाई लोकांत जास्त दिसतो. महिनोन्महिने खोकला म्हणजे गळती आलीच. मग ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, पॅड, तपासण्या सगळं होतं आणि गोळी कोणी विचारत नाही. ती बदलून एआरबी या रक्तदाबाच्याच दुसऱ्या गटातली दिली की खोकला बहुधा काही आठवड्यांत जातो.

दुसरी : प्राझोसिन, डॉक्साझोसिन. या मूत्राशयाच्या मानेचा स्नायू सैल करतात. पुरुषांना लघवी सुटावी म्हणून देतात. बाईला रक्तदाबासाठी दिल्या तर तिची सुटते, नको तेव्हा. तिसरी म्हणजे लघवी वाढवणारी गोळी : संध्याकाळी घेतली तर रात्र वाया. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण घेण्याची वेळ आणि पर्याय विचारा.

आणि जनुकांचं एक उदाहरण, कारण यावर वाद होणारच. टॉल्टेरोडिन हे घाईच्या गळतीचं औषध यकृतातल्या सीवायपी२डी६ या विकराने (एन्झाइमने) मोडलं जातं. गोऱ्या लोकांत सुमारे ७ टक्के आणि आफ्रिकी-अमेरिकी लोकांत सुमारे २ टक्के लोकांत हे विकर जवळजवळ काम करत नाही. वाटेल, झाला की वांशिक फरक! पण मोडून तयार होणारा पदार्थही तितकाच गुणकारी असतो, त्यामुळे मूळ औषध साचलं तरी एकूण परिणाम फारसा बदलत नाही.

तिरकी_रेघ
उत्तम उदाहरण. आणि ७ टक्क्यांचा अर्थ ९३ टक्के गोऱ्या लोकांना ते लागू नाही. जनुक जाणून घ्यायचं असेल तर जनुक तपासा, कातडी कशाला बघता? मूत्रपिंड किती काम करतं हे रक्ततपासणीवरून काढायच्या सूत्रातून वंशाचा गुणक २०२१ मध्ये काढून टाकला तो याच कारणाने.

रात्रपाळी
कातडीचा विषय निघालाच आहे तर एका ठिकाणी ती बघावीच लागते. सतत ओलं राहून मांडीच्या सांध्यात आणि बाह्य जननेंद्रियांवर त्वचा खराब होते. सगळ्या तक्त्यांत पहिलं लक्षण लिहिलेलं असतं 'लालसरपणा'. गडद त्वचेवर लाल दिसतच नाही! आजूबाजूपेक्षा जास्त काळपट, जांभळट किंवा कधी फिकट पट्टा दिसतो. म्हणून चांगल्या उजेडात शेजारच्या कोरड्या त्वचेशी तुलना करायची, हाताच्या मागच्या बाजूने गरम लागतं का बघायचं, चकाकी आणि सूज बघायची आणि आग होते का ते विचारायचं. नुसता लाल रंग शोधत बसलात तर सालपट निघाल्यावरच कळेल.

काळजी सगळ्यांची सारखी : साबण नको, त्याचा सामू चढा असतो. त्वचेच्या सामूजवळचा, ५.५ च्या आसपासचा, सौम्य क्लीन्सर घ्यावा, चोळू नये, टिपून कोरडं करावं, मग डायमेथिकोन किंवा झिंक ऑक्साइडचा पातळ थर. जाड लेप लावला तर तो पॅडच्या वरच्या थरावर बसतो, लघवी आत शिरत नाही आणि बाजूने वाहते. मग पॅडला शिव्या बसतात. दर वेळी झिंक खरवडूनही काढू नका, मळलेला वरचा थरच पुसा.

आणि पाळीचा पॅड लघवीला वापरू नये. तो दाट, हळू येणाऱ्या स्रावासाठी असतो. लघवी पातळ असते आणि एकदम येते. गळतीच्या पॅडमध्ये ओलावा जेलीत धरून ठेवणारी भुकटी जास्त असते. पाकिटावरचे मिलीलिटर प्रयोगशाळेतले असतात, बसलेल्या बाईच्या वजनाखाली तेवढे मावत नाहीत.

फणस_गरे
'लालसरपणा'चं कधी डोक्यातच आलं नव्हतं. रात्रपाळी, दंडवत.

तळमजला
व्यायामांबद्दल वर नुसता उल्लेख झाला, म्हणून नीट लिहितो. खोकला-शिंकेच्या गळतीला पहिला उपचार हाच, वंश कुठलाही असो. कमीत कमी ८ आकुंचनं, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने. वारा आणि लघवी दोन्ही एकदम अडवल्यासारखं आत आणि वर ओढायचं. ६ ते ८ सेकंद धरता आलं तर छान, नाहीतर २ पासून सुरू करा. तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. सोडणं जमलं नाही तर पुढचं आकुंचन अर्धंच होतं.

चुकतं कुठे? श्वास रोखणं, नितंब आवळणं, पोट आत घेणं आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खाली ढकलणं. १९९१ च्या एका छोट्या अभ्यासात नुसतं तोंडी सांगून करायला लावलं तेव्हा ४७ पैकी चौथाई स्त्रिया असं काही करत होत्या की गळती वाढावी. म्हणून सुरुवातीला योनीत बोट घालून आकुंचन खरंच होतंय का हे जाणकाराने एकदा तपासायला हवं. आणि लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज 'सराव' करू नका. मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

दुसरी युक्ती महिने लागत नाही : शिंक येतेय असं वाटताच आधी आवळायचं, मग शिंकायचं. वजन उचलण्याआधीही तेच. वेळ साधणं महत्त्वाचं, ताकद नंतर.

घाईच्या गळतीला वेगळं. कळ आली की धावायचं नाही. धावताना तळ हलतो, दार दिसलं की मेंदू आधीच परवानगी देऊन टाकतो. थांबा, बसा किंवा उभ्या राहा, भराभर पाच-सहा छोटी आकुंचनं करा, कळ ओसरू द्या, मग चालत जा. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवा. किमान ६ आठवडे. चहा-कॉफी कमी करा, पाणी नाही. पाणी कमी केलं की लघवी दाट होते आणि मूत्राशयाला आणखी टोचते.

वजन : ३३८ जास्त वजनाच्या स्त्रियांच्या २००९ च्या चाचणीत ६ महिन्यांत ८ टक्के वजन घटवलेल्या गटात आठवड्याच्या गळतीच्या वेळा ४७ टक्क्यांनी कमी झाल्या. नुसती माहिती दिलेल्या गटात २८.

उंटावरचा_शहाणा
नुसती माहिती वाचून २८ टक्के? मग हा धागा वाचूनही काहीतरी होईल.

तळमजला
त्यातला मोठा वाटा नोंदवही ठेवण्याचा असावा असं मला वाटतं. लिहायला लागलं की माणूस आपसूक सवय बदलतो.

मागचं_पान
वंश आणि लघवी गळणं हा विषय निघाला आणि मॉन्टगोमरीचं नाव आलं नाही हे बरं नव्हे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या त्या गावी १८४५ ते १८४९ दरम्यान जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने मूत्राशय-योनी भगेंद्राची, म्हणजे त्या दोन्हींमध्ये पडलेलं छिद्र बुजवण्याची, शस्त्रक्रिया घडवली. कोणावर? गुलाम म्हणून राबवलेल्या स्त्रियांवर. ॲनार्का, ल्यूसी आणि बेट्सी ही तिघींची नावं त्याच्याच लिखाणातून उरली. एकट्या ॲनार्कावर ३० शस्त्रक्रिया, भूल न देता. ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक १८४६ मध्ये झालं होतं, तरीही. 'यांना कमी दुखतं' हा समज तेव्हा डॉक्टरांत होताच. चांदीच्या तारेच्या टाक्यांनी अखेर छिद्र बुजलं आणि १८५२ मध्ये त्याने ती पद्धत छापली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला. मॉन्टगोमरीत २०२१ पासून त्या तिघींचं शिल्प उभं आहे.

भगेंद्र गळती वरच्या दोन्ही प्रकारांत बसत नाही. अडलेल्या बाळंतपणात बाळाचं डोकं तासन्‌तास मूत्राशयाला जघनाच्या हाडावर दाबून धरतं, रक्त पोचत नाही, तो भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून छिद्र पडतं. मग रात्रंदिवस, बसता-झोपता गळतं. आज हे आफ्रिका-आशियाच्या काही भागांत राहिलं आहे, तिथल्या स्त्रियांच्या वंशामुळे नाही. वेळेवर सिझेरियन मिळत नाही, म्हणून. अदिस अबाबात हॅमलिन दांपत्याने १९७४ मध्ये फक्त यासाठी रुग्णालय काढलं.

दाराआडची
मागचं_पान, धन्यवाद. व्यवहारातला भाग जोडते. बाळंतपणानंतर किंवा गर्भाशय काढल्यानंतर सतत गळतंय असं बाई म्हणाली तर व्यायाम सांगून घरी पाठवू नका. योनीत एकावर एक तीन कापसाचे बोळे ठेवून मूत्राशयात निळा रंग भरतात. मधला निळा झाला तर मूत्राशयाचं छिद्र, सगळ्यांत खालचा निळा झाला तर बहुधा मूत्रमार्गातून, सगळ्यांत वरचा ओला पण रंगाविना असेल तर मूत्रवाहिनीचं (मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या नळीचं). लहान आणि ताजं छिद्र असेल तर काही आठवडे मूत्राशयात लघवीची नळी ठेवून कधी कधी आपोआप मिटतं. म्हणूनच लवकर ओळखणं महत्त्वाचं.

शंकासुर
भाषेचा प्रश्न राहिला की.

मायमराठी_कधीकधी
राहिलेला नाही, दबा धरून बसलो होतो. 'असंयम' हा शब्द आधी हद्दपार करा. संयम नसणं हा स्वभावाचा दोष, बाईवर ठपका ठेवल्यासारखं होतं. 'ताण' त्याहून घातक : 'तुम्हाला ताणाची गळती आहे का?' विचारलं की उत्तर येतं 'हो, घरात फार टेन्शन असतं'. भाषांतरित प्रश्नावलीत ही एक चूक झाली की सगळे टक्के गेले. मग त्या भाषेच्या स्त्रियांत अमुक प्रकार जास्त असा शोध लागतो!

माझी सूचना : दाबाची गळती आणि घाईची गळती. दोन्ही असली तर दुहेरी. आणि विचारताना नावही नको. 'खोकताना, हसताना, उचलताना थेंब जातात का?' आणि 'लागली की धरवत नाही, पोचेपर्यंत सुटते का?' बस्स.

उंटावरचा_शहाणा
दाबाची आणि घाईची. सरकारी कचेरीतल्या फायलींचे प्रकार वाटतात.

फणस_गरे
+१ 'धरवत नाही'ला. आणि विचारण्याबद्दल अजून एक. ज्या मुस्लिम स्त्रिया पाच वेळा नमाज पढतात त्यांच्यासाठी थेंबभर गळलं तरी वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन होणारी शुद्धी) तुटतो. गुणपत्रिकेत ती 'सौम्य' येईल, पण तिचा दिवस मोडलेला असतो. हनफी या इस्लामी धर्मशास्त्राच्या एका पंथाच्या मतात, ज्यांची गळती थांबतच नाही त्यांना प्रत्येक नमाजाच्या वेळेपुरता एक वजू चालतो. किती गळतं यापेक्षा कशात आड येतं हे विचारलं तर हे कळतं.

तिरकी_रेघ
म्हणजे तो ० ते १० वाला प्रश्न. दोन गटांत गळती तेवढीच, पण आड येण्याचे गुण वेगळे, असं होऊ शकतं. आणि दवाखान्यात कोण येतं हे त्यावर ठरतं. दवाखान्यातल्या आकड्यांवरून गटातलं प्रमाण काढू नये याचं आणखी एक कारण.

खारूताई
तक्ता फाडत नाही, पण त्याच्या डोक्यावर तीन रकाने वाढवते : व्याख्या काय, छेद कोणता, माणसं घरातून घेतली की दवाखान्यातून. आणि वंशाच्या रकान्याशेजारी 'कधी गळते?' हा बिनगुणांचा प्रश्न.

एक राहिलं. एका तासाची पॅड चाचणी कोणी नीट सांगेल का? वेगवेगळं वाचलंय.

रात्रपाळी
कोरडा पॅड वजन करून लावायचा. १५ मिनिटांत ५०० मिली पाणी प्यायचं आणि बसायचं. मग अर्धा तास चालणं, त्यात एक मजला जिना चढ-उतार. उरलेल्या वेळात : बसून उठणं १० वेळा, जोरात खोकणं १० वेळा, जागच्या जागी धावणं १ मिनिट, वाकून जमिनीवरची लहान वस्तू उचलणं ५ वेळा, वाहत्या पाण्यात हात धुणं १ मिनिट. पॅड पुन्हा वजन करायचा. १ ग्रॅमपेक्षा जास्त वाढ झाली तर गळती. वजनकाटा ग्रॅमचा दशांश दाखवणारा हवा, स्वयंपाकघरातला ५-५ ग्रॅमने उड्या मारणारा नको. आणि पॅड लगेच झिप पिशवीत बंद करा, सुकला तर चाचणी वाया.

उंटावरचा_शहाणा
हात धुणं का?

रात्रपाळी
नळाचा आवाज ऐकून ज्यांना घाई लागते त्या तिथे पकडल्या जातात.